कँटनमधले १४ तास आणि मुंबईची अफू

परदेशातून परत येताना विमान बदलायला चीनमधल्या ग्वांगझूला १४ तास थांबायचं होतं. विमानतळावर तात्पुरता परवाना मिळाला, मेट्रो पकडली आणि सरळ शहरात गेलो. फोटो नंतर टाकतो. ग्वांगझू म्हणजे जुन्या पुस्तकांतलं कँटन. हे कँटन वगळून मुंबईचा इतिहास सांगताच येत नाही, म्हणून ही पोस्ट. जरा लांब आहे, सवडीने वाचा.

पहिल्यांदा गेलो ते तेरा वखारींच्या जागी. चिनी बादशहाने १७५७ मध्ये युरोपीय व्यापाऱ्यांना हे एकच बंदर ठेवलं, बाकी सगळी बंद. नदीकाठी एका पट्ट्यात त्यांच्या वखारी. तटबंदीच्या आत जायचं नाही, बायकांना आणायचं नाही, हंगाम संपला की मुक्काम हलवून मकावला जायचं. व्यवहार फक्त सरकारने नेमलेल्या चिनी व्यापाऱ्यांशी. त्यातला हौक्वा त्या काळातल्या जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक होता.

आज तिथे एक बाग आहे, बागेत एक संग्रहालय. चिनी मातीची भांडी, हस्तिदंती कोरीवकाम, पंखे, रेशीम. शेजारच्या रस्त्यावर कपड्यांचा घाऊक बाजार. गठ्ठे लादलेल्या हातगाड्या, ओरडाओरडा, चालायला जागा नाही. आपल्या मंगलदास मार्केटची आठवण यावी असा. अडीचशे वर्षांनंतरही धंदा त्याच जागी!

या वखारींच्या परिसरात मुंबईचे पारशी व्यापारीही होते. त्यांच्या पांढऱ्या पगड्यांवरून चिनी लोक त्यांना 'पांढऱ्या डोक्याचे परके' म्हणत. नदीच्या खालच्या अंगाला हुआंगपूजवळच्या एका बेटावर आजही त्यांच्या कबरी आहेत. तिथवर जायला वेळ पुरला नाही. पारशी घरांतली भरतकामाची 'गारा' साडी याच व्यापारातून आली. पण जहाजं इथून रेशीम आणि चहा नेत, तर येताना काय आणत? कापूस आणि अफू.

इंग्रजांना चहा हवा होता आणि चीनला त्यांच्या मालात फारसा रस नव्हता, चांदी मोजावी लागे. अफूने हे गणित उलटं केलं. चीनमध्ये अफूविरुद्ध १७२९ पासून फर्मानं निघत होती, म्हणजे हा व्यापार उघड उघड चोरटा. बंगाल-बिहारच्या अफूवर कंपनीची मक्तेदारी होती. पण माळव्याची अफू कंपनीची नव्हती. ती पिकत होती मुख्यतः शिंदे-होळकरांच्या आणि आसपासच्या संस्थानांच्या मुलखात. होय, आपल्याच मराठी सरदारांच्या राज्यात. इंदूर-उज्जैनचे सावकार शेतकऱ्याला उचल देत, माल गोळा करत आणि कंपनीला चुकवून पोर्तुगीजांच्या दमणमार्गे बाहेर काढत. हे थांबत नाही म्हटल्यावर १८३० च्या सुमारास कंपनीने जकात घेऊन तीच अफू मुंबईतून जाऊ दिली. मुंबईचं नशीब उघडलं. पारशी, गुजराती, मारवाडी, बगदादी ज्यू, सगळे या धंद्यात होते. एका जातीवर ढकलून मोकळं होता येणार नाही.

मार्च १८३९ मध्ये लिन झेशू नावाचा कडक अधिकारी कँटनला आला. त्याने वखारींना वेढा घातला आणि २०,२८३ पेट्या अफू ताब्यात घेतली. एका पेटीत साधारण ६० किलो. जूनमध्ये हूमेनच्या किनाऱ्यावर खड्डे खणून मीठ, चुना आणि पाण्यात कालवून ती समुद्रात सोडली. त्यातला बराच माल मुंबईच्या व्यापाऱ्यांनी आडतीवर पाठवलेला होता. पुढे जे युद्ध झालं ते पहिलं अफू युद्ध. लढायला कोण होतं? गोऱ्यांबरोबर हिंदुस्थानी शिपाई. मे १८४१ मध्ये याच शहराच्या वेशीवर, सानयुआनलीला, मद्रासी पलटणीची एक तुकडी पावसात अडकली, बंदुका भिजून निकामी झाल्या आणि गावकऱ्यांनी त्यांना घेरलं. चिनी लोक ती जागा आजही स्मारक म्हणून जपतात. माल आपला आणि मेलेही आपलेच.

१८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला. हाँगकाँग गेलं, पाच बंदरं उघडली, २ कोटी १० लाख डॉलर दंड बसला. त्यातले ६० लाख निव्वळ बुडालेल्या अफूचे. त्याच वर्षी जमशेटजी जीजीभाई 'सर' झाले. तरुणपणी अनेकदा चीनची सफर केलेले आणि जार्डिन मॅथेसन कंपनीचे मुंबईतले मोठे भागीदार. १८४५ मध्ये त्यांच्या देणगीचं जे.जे. रुग्णालय उभं राहिलं. माहीमचा कॉजवे त्यांच्या पत्नी अवाबाईंच्या पैशातून झाला. पुण्याच्या बंडगार्डनचा 'बंड' म्हणजे जमशेटजींनीच बांधून दिलेला बंधारा. ससून रुग्णालय ज्यांच्या नावाने आहे, ते डेव्हिड ससूनही याच व्यापारातले. चीनच्या व्यापारात साठलेलं भांडवल पुढे कापडगिरण्यांत गेलं. त्या गिरण्यांत कोकण-घाटावरून आपले आजे-पणजे आले.

दुपारी शामियान बेटावर बसलो होतो. दुसऱ्या अफू युद्धात, १८५६ मध्ये, वखारी जळाल्या. मग इंग्रज-फ्रेंचांनी वाळूच्या पट्ट्यावर भराव घालून हे बेट वसवलं. वडाची जुनी झाडं, युरोपीय बंगले, फोटो काढून घेणारी नवी जोडपी. अगदी फोर्टमध्ये बसल्यासारखं वाटतं. वाटणारच, दोन्हीकडे पैसा एकाच धंद्याचा होता.

आता मुद्दा. आपण अफू युद्ध शिकतो ते 'इंग्रजांनी चीनवर लादलेलं' म्हणून. ते खरंच आहे. पण ही अफू कोणी पिकवली, कोणी विकली आणि त्या नफ्यातून आपल्या शहरात काय उभं राहिलं, हे सांगितलं जात नाही. 'आम्ही गुलाम होतो, आमच्या हातात काय होतं' म्हणणाऱ्यांनी माळव्याची गोष्ट नीट पाहावी. कंपनीला चुकवून माल पाठवणारे आपलेच होते. आणि एखाद्या शेजाऱ्याशी आपण सीमेवर भांडत असू, तर त्याच्याशी आपला जुना हिशेब काय आहे तो पूर्ण माहीत असलेला बरा.

जे.जे. आणि ससूनमध्ये लाखो गरिबांवर उपचार झाले, त्या दानाचं मोल कमी होत नाही. पुतळे हलवा, नावं बदला असलंही काही मी म्हणत नाही. दात्याच्या पाटीवर पैसा कुठून आला याची एक ओळ असावी, इतकंच. यादीत इतिहास शिकवणारे बरेच मित्र-मैत्रिणी आहेत. पाटीला वेळ लागेल. वर्गात अफू युद्धाचा धडा आला की माळवा, मुंबई आणि बंडगार्डन ही तीन नावं फळ्यावर लिहायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही.