चूक कोणाची, भरपाई कोणाची? मोटार अपघाताच्या कायद्याचा दोनशे वर्षांचा प्रवास (थ्रेड)

कार आणि मोटारसायकल यांची टक्कर झाली की रस्त्यावर जमलेली गर्दी पहिला प्रश्न विचारते : चूक कोणाची? न्यायालयही कित्येक दशके नेमके हेच विचारत होते. मात्र या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत मृताच्या घरची चूल कशी पेटायची, हा दुसरा प्रश्न कायद्याने फार उशिरा मनावर घेतला. त्याची ही हकीकत.

सुरुवात मोटारीच्या जन्माआधीची आहे. इंग्लंडमध्ये १८०८ साली एका घोडागाडीच्या टपावर बसून प्रवास करणारे पतिपत्नी गाडी उलटल्याने जखमी झाले. सुमारे महिनाभराने पत्नीचा मृत्यू झाला. पतीने दावा लावला. न्यायाधीश लॉर्ड एलेनबरो यांनी त्याला स्वतःच्या दुखापतीबद्दल आणि पत्नीच्या मृत्यूपर्यंतच्या काळाबद्दल भरपाई मिळू शकते असे सांगितले. मृत्यूबद्दल मात्र काहीच नाही, कारण माणसाचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात तक्रार करण्याजोगी हानीच नव्हे! ज्युरीने १०० पौंड दिले. याचा सरळ अर्थ असा की गाडीवानाच्या हयगयीने प्रवासी लंगडा झाला तर गाडीमालकाला पैसे मोजावे लागत, आणि तो मेला तर मालक मोकळा.

पुढच्याच वर्षी, १८०९ मध्ये, याच न्यायाधीशांपुढे डर्बी येथील एक खटला आला. एका माणसाने घराच्या दुरुस्तीसाठी रस्त्यात आडवा वासा टाकून ठेवला होता. तिन्हीसांजेला मद्यगृहातून निघालेला एक घोडेस्वार भरधाव आला आणि त्यावर आदळला. वासा दिसण्याइतका उजेड अजून होता. निकाल असा लागला की स्वाराने स्वतः काळजी घेतली असती तर अपघात टळला असता, म्हणून त्याला काहीही मिळणार नाही. वासा टाकणाऱ्याची चूक नव्वद टक्के आणि स्वाराची दहा टक्के असली, तरी स्वाराच्या पदरी शून्यच. आजच्या वाचकाला हे अजब वाटेल, पण इंग्लिश कायद्यात हा नियम जवळजवळ दीड शतक टिकला. १८४२ मध्ये रस्त्यात पाय बांधून सोडलेल्या एका गाढवाला गाडीने चिरडले, तेव्हा अपघात टाळण्याची अखेरची संधी ज्याला होती तो जबाबदार, अशी पळवाट न्यायालयांनी काढली. दोघांच्या चुकीचे प्रमाण ठरवून त्यानुसार भरपाई कमी करण्याची सोय तिथे १९४५ च्या कायद्याने झाली.

१८०८ चा तो निकाल ज्या तरुण वकिलाने टिपून प्रसिद्ध केला, त्याचे नाव जॉन कॅम्पबेल. रेल्वेचे युग आले, अपघातांत माणसे मरू लागली आणि १८४६ मध्ये लॉर्ड झालेल्या याच कॅम्पबेल यांच्या पुढाकाराने मृताच्या कुटुंबाला दाव्याचा हक्क देणारा कायदा इंग्लंडमध्ये संमत झाला. त्याच धर्तीवर हिंदुस्थानात १८५५ चा प्राणघातक अपघात कायदा आला. त्यानुसार पत्नी, पती, आईवडील आणि मुले यांच्यासाठी दावा करता येई. भाऊबहिणी त्यात नव्हत्या. एकत्र कुटुंबात वाढलेल्या देशाला हे किती अपुरे पडले, हे पुढे गुजरातमधील एका खटल्यात दिसले. एसटीच्या अपघातात चौदा वर्षांचा मुलगा दगावला आणि त्याच्या भावांनी भरपाई मागितली. १८५५ ची चौकट मोटार अपघाताला जशीच्या तशी लागू करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये सांगितले आणि भावांचा हक्क मान्य केला.

आता मोटार. मोटारीने एक नवी अडचण आणली. दावा जिंकूनही पैसे मिळत नसत, कारण गाडी हाकणारा कफल्लक निघे. म्हणून इंग्लंडने १९३० च्या कायद्याने त्रयस्थ व्यक्तीच्या इजेसाठी, म्हणजे ज्याला आज सर्रास ‘थर्ड पार्टी’ म्हणतात त्यासाठी, विमा सक्तीचा केला. हिंदुस्थानात १९३९ चा मोटार वाहन कायदा झाला, पण त्यातील सक्तीच्या विम्याचे आठवे प्रकरण अमलात आले ते महायुद्ध संपल्यानंतर, १ जुलै १९४६ रोजी. या विम्याचे तत्त्व वेगळे आहे. हप्ता गाडीमालक भरतो, करार मालक आणि कंपनी यांच्यात होतो आणि लाभ मात्र रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला मिळतो. म्हणूनच कंपनीने कोणते बचाव मांडावेत याची यादी कायद्यानेच आखून दिली. ‘आमच्या ग्राहकाची चूकच नव्हती’ हा बचाव त्या यादीत नसल्याने कंपनीला तो स्वतःच्या नावाने घेता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये दिला. विमा काढलेल्या मालकाला दावा लढवण्यात फारसे स्वारस्य उरत नाही आणि कधी तो दावेदाराशी संगनमतही करतो, ही कंपन्यांची तक्रार होती. ती अगदीच खोटी नव्हती. १९६९ च्या दुरुस्तीने अशा संगनमताच्या प्रसंगी कंपनीला सगळे मुद्दे मांडण्याची मुभा दिली.

१९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणे उभारण्याची वाट मोकळी केली. दिवाणी न्यायालयातील भरमसाट मुद्रांक आणि रेंगाळणारी प्रक्रिया यांतून विधवा आणि अनाथ सुटतील ही अपेक्षा होती. ती पुरती फळली असे म्हणवत नाही, कारण चूक सिद्ध करण्याचे ओझे दावेदाराच्याच शिरावर राहिले.

ते ओझे किती जड होते, हे नागपूर ते पांढुर्णा रस्त्यावरच्या एका अपघातातून कळते. डिसेंबर १९६० मध्ये एका जिनिंग कंपनीची मोटार सौसरच्या पुढे एका वळणावर रस्ता सोडून उजव्या बाजूच्या झाडावर आदळली. आतील प्रवाशाचा मृत्यू झाला. अपघात कसा घडला हे त्याच्या पत्नीने सांगावे तरी कसे? ती तिथे नव्हती. नंतर घटनास्थळी गेलेल्या नातलगाने पाहिलेल्या खुणा एवढाच पुरावा होता : झाड उखडलेले, गाडीचा पुढचा भाग चेपलेला, स्टिअरिंग मागे ढकललेले. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितले की अशा वेळी घटना स्वतःच बोलते. नीट चालवलेली मोटार रस्त्याची चुकीची बाजू धरून झाड उखडत नाही. चूक नव्हती हे दाखवण्याची जबाबदारी आता मालकावर. दावा मान्य झाला, अपघातानंतर सोळा वर्षांहून अधिक काळाने. शिवाय तो गाडीतील प्रवासी होता, ‘त्रयस्थ’ नव्हे, म्हणून विमा कंपनीचा वाटा १५,००० रुपयांपुरताच राहिला.

त्याच वर्षी मुंबईतील कार आणि लॉरी यांच्या टकरीचा खटला निकाली निघाला. लॉरीत आयत्या वेळी छुपा यांत्रिक बिघाड झाला, असा मालकाचा बचाव होता. मुंबई उच्च न्यायालयाने धाडसी भूमिका घेतली होती की या कायद्याखाली चूक सिद्ध करण्याची गरजच नाही. सर्वोच्च न्यायालयाने ती अमान्य केली. बिघाडाचा बचाव मालकाला सिद्ध करता आला नाही, त्यामुळे दावेदार जिंकला. तत्त्व मात्र हरले. चुकीविना भरपाई हवी असेल तर संसदेने कायदा करावा, असाच त्याचा अर्थ झाला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७९ आणि १९८० च्या निकालपत्रांतून हीच मागणी वारंवार केली. सर्वसाधारण विमा व्यवसायाचे १९७३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले होते. तेव्हा सरकारी कंपन्यांनीच विधवांना तांत्रिक मुद्द्यांवर अडवावे, याची त्यांना विशेष चीड होती.

अखेर १ ऑक्टोबर १९८२ पासून कलम ९२-अ अमलात आले. मृत्यूसाठी १५,००० रुपये आणि कायमच्या अपंगत्वासाठी ७,५००. चूक कोणाची हे न विचारता. रक्कम क्षुल्लक होती, पण तिच्यासाठीही झगडावे लागले.

२९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे तीनच्या सुमारास पुणे–बंगळूर महामार्गावर सातारा जिल्ह्यातील कवठे गावाजवळ पेट्रोलचा टँकर आणि ट्रक यांची टक्कर झाली. टँकर रस्त्याखाली कलंडला आणि पेट्रोल गळू लागले. सकाळी सव्वासातच्या सुमारास, म्हणजे टकरीनंतर चार तासांनी, स्फोट झाला आणि जमलेले गावकरी होरपळले. काहींचा मृत्यू झाला. विमा कंपनीचे म्हणणे असे की अपघात पहाटेच संपला होता. उभ्या नव्हे, आडव्या पडलेल्या टँकरचा ‘वापर’ कसला? शिवाय लोक पेट्रोल पळवायला आले होते. न्यायाधिकरणाने ९२-अ खालची मागणी फेटाळली. मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचेच म्हणणे कायम केले. वाहन चालू नसले तरी त्याचा वापर संपत नाही, आणि वापरा‘मुळे’ व वापरा‘तून उद्भवलेला’ या शब्दांत फरक आहे. दुसरा शब्द अधिक व्यापक. टक्कर, गळती आणि स्फोट ही एकच साखळी ठरली. चार वर्षांची ही लढाई होती पंधरा हजार रुपयांच्या हक्कासाठी.

१९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. मृत्यू आणि इजेसाठी विम्याची मर्यादा उठली, पण त्रयस्थाच्या मालमत्तेसाठी ती अवघी ६,००० रुपये ठेवली गेली. १९९४ मध्ये चुकीच्या पुराव्याशिवाय ठरावीक कोष्टकानुसार भरपाई देणारे कलम १६३-अ आले. त्या कोष्टकात चक्क आकडेमोडीच्या चुका होत्या आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये त्या दाखवूनही दिल्या!

दरम्यान चुकीचे माप घेण्याची पद्धतही बदलत होती. गोव्यातील स्कूटर आणि पिकअप व्हॅन यांच्या टकरीत व्हॅनचालक फौजदारी खटल्यातून निर्दोष सुटला होता. तरीही भरपाईच्या दाव्यात निःसंशय पुरावा लागत नाही, कोणती बाजू अधिक संभवनीय एवढेच पाहायचे, असे २०१३ मध्ये ठरले. दोन वाहनांच्या चुकीत मागे बसलेला प्रवासी सापडला तर त्याला दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम वसूल करता येते, हे २०१५ मध्ये अधोरेखित झाले. वाटणी त्या दोघांनी आपसांत करावी. आणि २०२० मध्ये दिल्लीतील प्रकरण आले : एका मोटारसायकलवर तिघे बसलेले, मागून कारची धडक. तिघे बसले म्हणून उच्च न्यायालयाने दहा टक्के भरपाई कापली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली. तिघांनी बसणे हा नियमभंग खराच, पण त्यामुळे अपघात घडला किंवा इजा वाढली असे दाखवल्याखेरीज तो भरपाई कापण्याचे कारण होत नाही. डर्बीच्या घोडेस्वारापासून कायदा केवढा दूर आला, ते इथे दिसते.

१ एप्रिल २०२२ पासून नवे कलम १६४ अमलात आहे : चूक न विचारता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख. धडक देऊन पळालेल्या वाहनाच्या बळींसाठी २ लाख आणि ५०,००० रुपये. चुकीच्या आधारावर अधिक भरपाई मागण्याचा मार्गही खुला आहे, पण १९९४ मध्ये रद्द झालेली सहा महिन्यांची मुदत त्याच दिवशी कायद्यात परतली.