'ब्लॅक सॉक्स' प्रकरण: १९१९ ची वर्ल्ड सिरीज नेमकी कशी विकली गेली?

१ ऑक्टोबर १९१९. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरातलं रेडलँड फील्ड मैदान. बेसबॉलच्या 'वर्ल्ड सिरीज'चा पहिला सामना. शिकागो व्हाइट सॉक्सचा सगळ्यात भरवशाचा पिचर एडी सीकॉट बॉल टाकायला उभा राहिला. समोर सिनसिनाटी रेड्सचा पहिला बॅटर मॉरी रॅथ. सीकॉटचा दुसराच बॉल थेट रॅथच्या पाठीत बसला.

बेसबॉलमध्ये असा बॉल अंगावर लागला की बॅटरला पहिला बेस फुकटात मिळतो. बॉल हातातून सुटणं ही तशी नवलाची गोष्ट नाही, पण हा बॉल सट्टेबाजांसाठी निरोप होता. निरोप एवढाच, की सौदा पक्का आहे.

मॅच फिक्सिंग म्हटलं की आपल्याला २००० सालचं हॅन्सी क्रोनिए प्रकरण आठवतं. त्याच्या ८१ वर्षं आधी अमेरिकेच्या सगळ्यात लाडक्या खेळात हे घडलं होतं. आणि त्यातले काही प्रश्न १०० वर्षांनंतरही सुटले नव्हते.

वर्ल्ड सिरीज म्हणजे काय?

नावात 'वर्ल्ड' असलं तरी यात जगातले संघ खेळत नाहीत. अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलच्या दोन मोठ्या लीग आहेत, नॅशनल लीग आणि अमेरिकन लीग. दोन्हींचे विजेते हंगामाच्या शेवटी एकमेकांशी भिडतात, ती वर्ल्ड सिरीज. पहिली १९०३ साली झाली. एरवी सातपैकी चार सामने जिंकणारा संघ विजेता ठरतो. पण १९१९ साली नऊपैकी पाच असा नियम होता. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं, लोक पुन्हा मैदानाकडे वळत होते आणि जास्त सामने म्हणजे जास्त तिकीटविक्री, हा साधा हिशोब त्यामागे होता.

अमेरिकन लीगकडून आला शिकागो व्हाइट सॉक्स. या संघाने १९१७ ची वर्ल्ड सिरीज जिंकली होती. त्यात 'शूलेस' जो जॅक्सन होता, त्या काळातला सर्वोत्तम बॅटर म्हणावा असा. साउथ कॅरोलायनातल्या कापड गिरणीत लहानपणापासून राबलेला आणि लिहितावाचता न येणारा. नवीन बूट चावतात म्हणून एकदा नुसत्या मोज्यांवर खेळला आणि 'शूलेस' हे नाव जन्मभर चिकटलं. दुसरीकडे नॅशनल लीगचा विजेता सिनसिनाटी रेड्स. आज या सिरीजबद्दल वाचताना रेड्स म्हणजे कुणीतरी लिंबूटिंबू संघ होता असं वाटतं. प्रत्यक्षात त्या हंगामात रेड्सने ९६ सामने जिंकले होते आणि व्हाइट सॉक्सने ८८. आम्ही तसेही जिंकलोच असतो, असं रेड्सचा स्टार खेळाडू एड राउश म्हातारपणीही सांगत होता.

खेळाडूंनी हे का केलं?

अनेक वर्षं सांगितली गेलेली गोष्ट अशी. व्हाइट सॉक्सचा मालक चार्ल्स कमिस्की महाकंजूष होता. त्याने सीकॉटला ३० सामने जिंकलास तर १० हजार डॉलर बोनस देतो असं कबूल केलं आणि २९ विजय झाल्यावर त्याला मुद्दाम बाहेर बसवलं. मग चिडलेल्या खेळाडूंनी बदला घेतला.

गोष्ट फिल्मी आहे आणि १९८८ साली आलेल्या 'एट मेन आउट' या सिनेमाने ती जगभर पोचवली. पण नंतरच्या अभ्यासकांनी कागदपत्रं तपासली तेव्हा ती टिकली नाही. व्हाइट सॉक्स हा त्या काळात सगळ्यात जास्त पगार देणाऱ्या संघांपैकी एक होता. आणि सीकॉटने त्या हंगामात २९ विजय मिळवले हे खरं असलं, तरी शेवटच्या आठवड्यात तिसाव्या विजयाची संधी त्याला मिळाली होती. 'कपडे धुवायचे पैसेही मालक देत नसे, म्हणून ब्लॅक सॉक्स' हा किस्साही असाच. 'ब्लॅक' हे विशेषण चिकटलं ते घोटाळ्यामुळे.

मग कारण काय? एक म्हणजे संघात उभी फूट होती. कॉलेजात शिकलेला एडी कॉलिन्स वर्षाला १५ हजार डॉलर घेत होता आणि जॅक्सनसारख्या खेळाडूला ६ हजार मिळत होते. कॉलिन्सचा एक गट आणि चिक गँडिलचा दुसरा. गँडिल आणि कॉलिन्स मैदानाबाहेर एकमेकांशी बोलतही नसत. दुसरं कारण म्हणजे 'रिझर्व्ह क्लॉज'. करारातल्या या कलमामुळे खेळाडू एकाच संघाला बांधलेला असायचा. मालकाने देऊ केलेला पगार घ्या नाहीतर घरी बसा, दुसऱ्या संघाकडे जायची सोय नाही. हे कलम मोडायला १९७५ साल उजाडावं लागलं. आणि तिसरं कारण सगळ्यात साधं आहे. त्या काळात बेसबॉलच्या मैदानांवर सट्टेबाजांचा उघड वावर होता आणि सामने 'सोडल्या'च्या कुजबुजीवर मालक मंडळी पांघरूण घालत. पकडलं जाण्याची भीतीच नव्हती.

सौदा कसा ठरला?

पुढाकार गँडिलचा. त्याने बोस्टनमधला सट्टेबाज 'स्पोर्ट' सलिव्हन याच्याशी संधान बांधलं. सप्टेंबर १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या अँसोनिया हॉटेलात काही खेळाडूंची बैठक झाली. त्याच वेळी माजी खेळाडू 'स्लीपी' बिल बर्न्स, त्याचा साथीदार बिली महार्ग आणि बॉक्सिंगचा माजी विश्वविजेता एब ॲटेल अशी दुसरी टोळीही याच खेळाडूंना एक लाख डॉलरचं गाजर दाखवत होती. म्हणजे एकच माल दोन गिऱ्हाइकांना विकला जात होता.

यामागे न्यूयॉर्कचा जुगारसम्राट अरनॉल्ड रॉथस्टाइनचा पैसा होता असं मानलं जातं. तो ग्रँड ज्युरीसमोर आला, कानावर हात ठेवले आणि निघून गेला. त्याच्यावर कधीही आरोप ठेवला गेला नाही. 'द ग्रेट गॅट्सबी' कादंबरीतलं वुल्फशाइम हे पात्र त्याच्यावर बेतलेलं आहे.

सीकॉट हुशार निघाला. पैसे आधी, असं त्याने बजावलं आणि सिरीजच्या आदल्या रात्री हॉटेलच्या खोलीत उशीखाली त्याला १० हजार डॉलर मिळाले. बाकीच्यांना हप्त्याहप्त्याने मिळणार होते. ते हप्ते थकले आणि सगळा डाव विस्कटला.

आठ सामन्यांत काय झालं?

पहिल्या सामन्यात सीकॉटने चौथ्या इनिंगमध्ये पाच रन दिले आणि रेड्स ९-१ असे जिंकले. दुसऱ्यात लेफ्टी विल्यम्स. अचूक टप्प्यासाठी ओळखला जाणारा पिचर, पण चौथ्या इनिंगमध्ये त्याने तिघांना 'वॉक' दिला, म्हणजे चुकीचे बॉल टाकून फुकटात बेसवर जाऊ दिलं. रेड्स ४-२. कॅचर रे शॉक रागाने लाल झाला होता. तो सौद्यात नव्हता.

प्रेस बॉक्समध्ये पत्रकार ह्यू फुलर्टन बसला होता. सट्टेबाजारातल्या कुजबुजी त्याच्या कानावर आल्या होत्या. शेजारी महान माजी पिचर क्रिस्टी मॅथ्यूसन. दोघांनी मिळून स्कोअरकार्डवर संशयास्पद वाटणाऱ्या प्रत्येक खेळीभोवती खुणा करायला सुरुवात केली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं खरं पत्रकारितेचं काम हेच होतं. पुढे फुलर्टनने लेख लिहिले तेव्हा बेसबॉलच्या वर्तुळातून त्याची टिंगल झाली.

तिसऱ्या सामन्यात गंमत झाली. सौद्यात नसलेला, बुटकासा नवखा पिचर डिकी कर याने फक्त तीन हिट्स देत ३-० असा सामना काढला. चौथ्यात पुन्हा सीकॉट. पाचव्या इनिंगमध्ये त्याने एकट्याने दोन चुका केल्या. आधी पहिल्या बेसकडे वेडावाकडा थ्रो, मग जॅक्सनचा होम प्लेटकडे चाललेला थ्रो मध्येच हात घालून अडवला. सामना गेला २-० असा. पाचवाही गेला, ५-०. त्या दिवशी रेड्सच्या हॉड एलरने ओळीने सहा बॅटर स्ट्राइकआउट केले.

रेड्स ४-१ ने पुढे. पण सट्टेबाजांकडून पैसे येत नव्हते, आणि व्हाइट सॉक्स अचानक जिंकू लागले! सहावा सामना दहा इनिंगमध्ये ५-४, सातवा ४-१, तोही सीकॉटच्याच पिचिंगवर. मनात आणलं की हा माणूस काय करू शकतो, हे त्या दिवशी दिसलं.

९ ऑक्टोबरला शिकागोत आठवा सामना. विल्यम्सने जेमतेम एक बॅटर बाद केला आणि चार रन देऊन तो मैदानाबाहेर गेला. रेड्स १०-५ ने जिंकले, सिरीज ५-३. त्याच्या बायकोला जिवे मारण्याची धमकी देणारा गुंड आदल्या रात्री आला होता, ही गोष्ट तुम्ही कुठेतरी वाचाल. तो गुंड आपण कल्पनेतून रंगवला होता, हे त्या प्रकरणावर पुस्तक लिहिणाऱ्या एलियट असिनॉफ यांनीच नंतर सांगितलं.

हिशोबही पाहण्यासारखा आहे. जिंकलेल्या रेड्सच्या प्रत्येक खेळाडूला सुमारे ५,२०० डॉलर मिळाले आणि हरलेल्यांना सुमारे ३,२५० डॉलर. जॅक्सनला कबूल झाले होते २० हजार, हातात पडले ५ हजार.

निर्दोष, तरीही हद्दपार?

प्रकरण वर्षभर दबून राहिलं. सप्टेंबर १९२० मध्ये शिकागोत एका वेगळ्याच सामन्याच्या चौकशीसाठी ग्रँड ज्युरी बसली आणि धागा १९१९ पर्यंत गेला. महार्गने एका वृत्तपत्राला सगळं सांगून टाकलं. दुसऱ्याच दिवशी, २८ सप्टेंबरला सीकॉट आणि जॅक्सन यांनी ग्रँड ज्युरीसमोर कबुली दिली. त्यानंतर विल्यम्सने. कमिस्कीने संशयित खेळाडूंना लगेच निलंबित केलं. तेव्हा संघ पुन्हा एकदा लीग जिंकण्याच्या बेतात होता, ती संधी गेली.

कोर्टातून जॅक्सन बाहेर येताना एका पोराने 'जो, हे खोटं आहे असं सांग ना' अशी विनवणी केल्याचं सांगतात. असं काही घडलंच नाही, असं जॅक्सन शेवटपर्यंत म्हणत होता.

१९२१ च्या उन्हाळ्यात खटला चालला. इथे कायद्याची अडचण होती. मुद्दाम हरणं हा इलिनॉय राज्यात गुन्हाच नव्हता. त्यामुळे लोकांची फसवणूक करण्याचा कट रचला, असा आरोप ठेवावा लागला. नुसते सामने हरण्यासाठी नव्हे, तर फसवणुकीच्या हेतूने हे केलं हे सिद्ध करा, असं न्यायाधीशांनी ज्युरीला स्पष्ट सांगितलं. त्यात कबुलीजबाबांची मूळ कागदपत्रं गायब झाली, नकलांवर काम भागवावं लागलं. २ ऑगस्ट १९२१ रोजी ज्युरीने तीन तासांच्या आत सगळ्यांना निर्दोष सोडलं.

आनंद एक दिवस टिकला. घोटाळ्यानंतर विश्वास परत मिळवण्यासाठी मालकांनी केनेसॉ माउंटन लँडिस या फेडरल न्यायाधीशाला बेसबॉलचा पहिला कमिशनर नेमलं होतं आणि जवळपास अमर्याद अधिकार दिले होते. ज्युरीचा निकाल काहीही असो, सामना सोडणारा, सोडायचं कबूल करणारा किंवा अशा बैठकीत बसून संघाला न कळवणारा कुणीही पुन्हा व्यावसायिक बेसबॉल खेळणार नाही, असं त्याने ३ ऑगस्टला जाहीर केलं. गँडिल, सीकॉट, जॅक्सन, विल्यम्स, रिसबर्ग, फेल्श, मॅकम्युलिन आणि वीव्हर. आठही जण कायमचे बाहेर. (खेळ स्वच्छ करणाऱ्या या लँडिसच्या २४ वर्षांच्या कारकिर्दीत एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला मोठ्या लीगमध्ये प्रवेश मिळाला नाही, हेही नोंदवायला हवं.)

जॅक्सन आणि वीव्हरचा वाद का मिटत नाही?

कारण आकडे. जॅक्सनने सिरीजमध्ये .३७५ च्या सरासरीने १२ हिट्स मारल्या, म्हणजे दर आठ प्रयत्नांत तीन यशस्वी. सिरीजमधला एकमेव होम रन त्याचाच, फील्डिंगमध्ये चूक शून्य. पण तेच आकडे सामन्यांप्रमाणे पाहिले तर चित्र बदलतं. त्याच्या फटक्यांवर आलेले सहाही रन शेवटच्या तीन सामन्यांतले आहेत, पहिल्या पाचांत एकही नाही. आणि त्याने पैसे घेतले होते, हे त्याने स्वतः शपथेवर सांगितलं. पुढे १९२४ साली पगारासाठी त्याने संघावर दावा ठोकला तेव्हा तो उलटं बोलला आणि नेमके तेव्हाच गायब झालेले कागद मालकाच्या वकिलाकडे सापडले.

बक वीव्हरची केस मला जास्त अस्वस्थ करते. तो बैठकीला होता, पण त्याने पैसे घेतल्याचा पुरावा नाही. .३२४ च्या सरासरीने तो जीव तोडून खेळला. त्याचा गुन्हा एकच, मित्रांची नावं सांगितली नाहीत. त्याने पुन्हा पुन्हा अर्ज केले, ते फेटाळले गेले आणि १९५६ साली तो वारला. लँडिसचा तो नियम आज क्रिकेटमध्येही आहे. बुकीने संपर्क केल्याचं कळवलं नाही म्हणून २०१९ साली आयसीसीने बांगलादेशच्या शाकिब अल हसनवर दोन वर्षांची बंदी घातली, त्यातलं एक वर्ष स्थगित होतं. वीव्हरला मात्र जन्मठेप झाली.

आता काय स्थिती आहे?

मे २०२५ मध्ये बेसबॉलचे कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांनी ठरवलं, की आजीवन बंदी माणसाच्या मृत्यूबरोबर संपते. त्यामुळे पीट रोझसह १७ दिवंगत व्यक्तींची नावं बंदीच्या यादीतून निघाली. त्यात १९१९ चे आठही खेळाडू आहेत. जॅक्सन १९५१ साली वारला होता, म्हणजे त्याला ७४ वर्षं उशीर झाला. हॉल ऑफ फेममध्ये त्याच्या समावेशाचा विचार करू शकणाऱ्या समितीची बैठक डिसेंबर २०२७ मध्ये आहे.