तीन वेधांत सापडलेला ग्रह

इसवी सन १८०१च्या जानेवारीच्या पहिल्याच रात्री, सिसिलीतील पालेर्मो येथील वेधशाळेत जुसेप्पे पियाझ्झी या धर्मोपदेशक ज्योतिर्विदास वृषभ राशीत एक क्षीण तारा आढळला. दुसऱ्या रात्री तो किंचित सरकलेला दिसला. स्थिर तारे असे सरकत नसतात. पियाझ्झीने ११ फेब्रुवारीपर्यंत जमेल तसे त्याचे वेध घेतले. मग तो आजारी पडला, आणि इकडे ती ज्योती सूर्याच्या तेजात लोपली. सव्वा महिन्यात तिने आकाशात आक्रमिलेला मार्ग जेमतेम तीन अंशांचा होता. मंगळ आणि गुरू यांच्यामधील रिकाम्या अंतराळात एखादा ग्रह असावा, असे युरोपातील ज्योतिर्विद पुष्कळ दिवस म्हणत आले होते. तो गवसला, आणि हातचा निसटलाही! काही महिन्यांनी तो सूर्याआडून बाहेर येईल तेव्हा अफाट आकाशात त्याला शोधावयाचे कोठे?

प्रश्न खरोखर बीजगणिताचा होता. य = अ·क्ष + ब हे सरळ रेषेचे समीकरण घ्या. त्यात अ आणि ब हे दोन स्थिरांक अज्ञात आहेत. रेषा (१, ५) आणि (३, ११) या बिंदूंतून जाते असे कळले, की ते आकडे समीकरणात घालावेत; अ + ब = ५ आणि ३अ + ब = ११ मिळतात, आणि वजाबाकी करताच अ = ३, ब = २ ठरतात. जितके अज्ञात स्थिरांक, तितकी स्वतंत्र माहिती हवी, एवढेच यातले मर्म. ग्रहाच्या लंबवर्तुळाकार कक्षेस असे सहा स्थिरांक असतात: कक्षेचा आकार, तिचा चपटेपणा, तिचा कल व अवकाशातील ठेवण, आणि एका ठराविक क्षणी ग्रह कोठे होता ते. एका वेधाने दोन कोन मिळतात. तेव्हा तीन वेधांचे सहा आकडे हाती येतात. हिशेब कागदावर तरी जुळतो.

अडचण अशी की वेध केवळ दिशा सांगतो, अंतर सांगत नाही. शिवाय ही समीकरणे शाळेतल्या रेषेसारखी सरळ सुटणारी नव्हेत. कित्येकांनी कक्षा वर्तुळाकार मानून काम सोपे केले. ब्रेमेनच्या ओल्बर्सची १७९७ची रीत धूमकेतूंच्या परवलयाकार कक्षांसाठी होती, व तेथे चपटेपणा आधीच ठरलेला असल्याने पाचच स्थिरांक शोधावे लागत. कक्षेविषयी असे काहीही आधी गृहीत न धरण्याचे धाडस ब्रुन्सविकच्या चोवीस वर्षांच्या कार्ल फ्रीड्रिख गाउसने केले. फॉन झाखच्या मासिकात सप्टेंबरमध्ये पियाझ्झीचे वेध छापले गेले, आणि गाउसने इतर कामे बाजूस सारली. एकमेकांपासून पुरेशा दूर अशा तीन वेधांवरून त्याने प्रथम ग्रहाच्या अंतराचा स्थूल अदमास काढला, त्यावरून कक्षा मांडली, मग तीच कक्षा पुनःपुन्हा सुधारली. उरलेले वेध त्याने कसोटीसाठी वापरले. हे शेवटचे काम विसरता कामा नये: ज्या बिंदूंवरून वक्र काढला, ते त्यावर असणारच; खरी परीक्षा इतर बिंदू घेतात.

गाउसने वर्तविलेली जागा इतरांच्या जागांपासून बरीच दूर पूर्वेकडे होती. झाखने तिकडे दुर्बीण वळविली. ७ डिसेंबरला एक संशयास्पद ज्योती दिसली, पण ढगांनी घात केला. निर्णय लागला ३१ डिसेंबरच्या रात्री, आणि पुढच्या रात्री ओल्बर्सनेही स्वतंत्रपणे ती पाहिली. सेरेस पुन्हा सापडला होता, जेथे सांगितला होता त्याच्या अगदी निकट. पुढे २००६ साली त्याची गणना बटुग्रहांत झाली, तो भाग निराळा.

गाउसने आपली रीत लगेच प्रसिद्ध केली नाही. ती सुधारून १८०९ साली ग्रंथरूपाने दिली. तोवर तिची आणखी एक परीक्षा होऊन गेली होती. सेरेसवर नजर ठेवीत असतानाच ओल्बर्सला २८ मार्च १८०२ रोजी दुसरा एक अपरिचित बिंदू सरकताना दिसला. त्याचे नाव पॅलास पडले, आणि त्याचेही वेध गणितासाठी ब्रुन्सविकला गाउसकडेच गेले.