सिकलसेल आजारातील रक्तदाब (वऱ्हाड)

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आल्याने होणारा हा आनुवंशिक आजार विदर्भात बराच आढळतो. अमरावती जिल्ह्यात मेळघाटातील धारणी-चिखलदरा भागात त्याच्या तपासण्या होतात. मात्र तो केवळ आदिवासींचा आजार ही समजूत चुकीची आहे. विदर्भातील आदिवासींखेरीज इतर अनेक समाजांतही तो आहे.

या रुग्णांचा रक्तदाब सहसा समवयस्कांपेक्षा कमी असतो. मूत्रपिंडाची लघवी दाट करण्याची शक्ती लवकर घटते, त्यामुळे पाणी आणि मीठ शरीराबाहेर जाते. म्हणूनच १२८/८२ हा इतरांबाबत फारसा चिंतेचा नसलेला आकडा इथे दुर्लक्षून चालत नाही. याला ‘सापेक्ष उच्च रक्तदाब’ म्हणतात; पक्षाघात आणि मूत्रपिंडविकाराशी त्याचा संबंध आढळतो. अमेरिकन रक्तविज्ञान संस्थेच्या २०१९च्या मार्गदर्शिकेत १३०/८० किंवा त्याखालचे लक्ष्य सुचवले आहे. लघवीत अल्ब्युमिन जात असल्यास एसीई-रोधक गटातील औषधे देतात.

लघवी वाढवणाऱ्या गोळ्या मात्र जपून द्याव्या लागतात. अकोल्याचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांपलीकडे जातो. त्यात अंगातले पाणी आटले, की पेशी विळ्यासारख्या वाकून दुखण्याचा झटका येऊ शकतो. रक्त चढवल्यावर दाब एकदम वाढून डोकेदुखी किंवा आकडी आल्यास तातडीने उपचार लागतात. फुप्फुसातील रक्तवाहिन्यांचा वाढलेला दाब हा वेगळा विकार असून तो दंडावरच्या पट्ट्याने कळत नाही. त्यासाठी इकोकार्डिओग्राफी करतात.