विरघळणारा धागा

आपल्या व्हॉट्सॲप गटांवर एक गोष्ट अधूनमधून फिरत असते. कुर्तुब्याचे, म्हणजे स्पेनमधल्या कॉर्डोबाचे हकीम अबुल कासिम अल-झहरावी यांच्या ऊद या वाद्याच्या तारा एका माकडाने गिळल्या. त्या पोटात विरघळल्या आणि त्यातून विरघळणाऱ्या टाक्यांचा शोध लागला. गोष्ट छान आहे, पण तिला भरवशाचा आधार नाही. शोधाचा दावाही टिकत नाही, कारण आतड्याच्या धाग्याचा उल्लेख ग्रीक वैद्य गॅलन यांनी झहरावींच्या सुमारे आठशे वर्षे आधी केला आहे. (शेजारच्या घरात सुश्रुतांच्या नावाने हेच चालतं. ते त्यांनी पाहावं, आपण आपलं पाहू.)

मग झहरावींनी (936–1013) केलं काय? त्यांच्या ‘अल-तसरीफ’ या तीस भागांच्या ग्रंथाचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा आहे. जखमी आतडं जनावराच्या आतड्यापासून काढलेल्या बारीक धाग्याने शिवता येतं, असं ते त्यात सांगतात. ग्रीक वैद्यांचं त्यांनी भरपूर घेतलं, स्वतःच्या अनुभवाची भर घातली आणि हत्यारांची चित्रं काढून ठेवली. बाराव्या शतकात तोलेदो शहरात क्रेमोनाच्या जेरार्डने तो भाग लॅटिनमध्ये नेला आणि युरोपचे सर्जन पुढे काही शतकं तो वाचत राहिले. माझ्या मते मोठेपण इथं आहे. दुसऱ्याकडून घेतलं, पारखलं, आणि तिसऱ्याला उपयोगी पडेल असं लिहून ठेवलं.

या धाग्याला कॅटगट म्हणतात. मांजराशी त्याचा संबंध नाही, तो मेंढीच्या किंवा गुराच्या आतड्याचा असतो. त्यातलं कोलॅजन हे प्रथिन शरीर हळूहळू पचवून टाकतं, म्हणून टाके काढावे लागत नाहीत. पण एकाच्या अंगात धागा लवकर जातो, दुसऱ्याच्या उशिरा, आणि जखमेला सूजही येते. म्हणून 1970च्या सुमारास पॉलिग्लायकॉलिक आम्लाचा कृत्रिम धागा आला. तो अंगातल्या पाण्यानेच तुटतो, त्यामुळे कधी संपेल याचा अंदाज बांधता येतो. लॅक्टिक आम्लाच्या जोडीने बनवलेला व्हिक्रिल त्याच्या मागोमाग आला.

त्याच दशकात बॉस्टनमध्ये जुडा फोकमन हे सर्जन कॅन्सरच्या गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या रोखण्याच्या मागे होते. त्यासाठी मोठ्या रेणूंचं औषध दिवसेंदिवस थोडं थोडं सुटायला हवं होतं. एवढे मोठे रेणू प्लास्टिकमधून बाहेर पडणारच नाहीत, असं जाणकार सांगत. रॉबर्ट लँगर या तरुण रासायनिक अभियंत्याने ते करून दाखवलं आणि 1976 साली दोघांचा निबंध ‘नेचर’मध्ये छापून आला. लँगर यांचे अनुदानाचे अर्ज त्यानंतरही नाकारले जात होते. त्यांचं ते प्लास्टिक मात्र विरघळणारं नव्हतं. ती उणीव टाक्याच्या धाग्याने भरून काढली. व्हिक्रिलच्या जातीच्याच पदार्थाच्या सूक्ष्म गोळ्यांत औषध भरून प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी महिन्याला एकदा घ्यायचं इंजेक्शन तयार झालं. 1989 साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

औषधानंतर पेशींची पाळी आली. जोसेफ व्हॅकांटी हे मुलांवर यकृतरोपण करणारे सर्जन. दात्याची वाट पाहतापाहता मुलं दगावताना त्यांनी पाहिली होती. 1988 साली त्यांनी लँगर यांच्यासोबत व्हिक्रिलसारख्या पदार्थांवर पेशी वाढवून त्या प्राण्यांच्या शरीरात बसवल्या. अडचण रक्ताची होती. रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहून दूर असलेली पेशी फार काळ जगत नाही, त्यामुळे आधार पातळ आणि जाळीदारच लागतो. माणसात बसवता येईल असं अख्खं यकृत आजही असं तयार होत नाही.

त्वचा पातळ असते, तिथं जमलं. मधुमेह्यांच्या पायाच्या न भरणाऱ्या जखमांसाठी डर्माग्राफ्ट या पट्टीला अमेरिकेत 2001 साली मान्यता मिळाली. व्हिक्रिलच्या जाळीवर माणसाच्या जिवंत पेशी वाढवलेल्या असतात आणि त्या जखम भरायला लागणारी प्रथिनं स्वतःच सोडतात. म्हणजे पेशीही त्यात आल्या आणि औषधही. या पेशी येतात कुठून? नवजात मुलांच्या सुंतेत काढून टाकलेल्या कातडीतून. हे वाचलं तेव्हा मी दोनदा तपासून पाहिलं. एका लहानशा तुकड्यातल्या पेशी वाढवून असंख्य पट्ट्या करता येतात. पट्टी जखमेवर ठेवली की तीन-चार आठवड्यांत जाळी विरघळून जाते.