दोन सूर्योदयांचा प्रवास

दोन विमानतळांमधले अंतर आणि लागणारे तास सांगितले, की सारे सांगून झाले असे आपण समजतो. ते तास कोणाच्या अंगावरून जातात, हे वेळापत्रकात छापलेले नसते.

फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले आणि ऑस्ट्रेलियाचा विलायतेशी असलेला हवाई मार्ग तुटला. १९४३ साली क्वांटास कंपनीने तो पुन्हा जोडला. पश्चिम ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे नदीच्या पात्रावरून उठायचे आणि हिंदी महासागर ओलांडून सिलोनमधल्या कोग्गला सरोवरावर उतरायचे. तेथून पुढे कराचीमार्गे लंडन. पर्थ ते कोग्गला हे अंतर सुमारे ५,६५० किलोमीटर. पाण्यावर उतरणाऱ्या त्या कॅटलिना विमानांत पेट्रोलच इतके भरावे लागे, की उतारू फार तर तीन. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून बिनतारी यंत्र मुके ठेवीत आणि दिशा ताऱ्यांवरून काढीत. २७ ते ३२ तासांच्या त्या उड्डाणात सूर्योदय दोनदा दिसे. १९४५ पर्यंत अशा २७१ फेऱ्या झाल्या. एकही विमान गमावले नाही.

मार्च २०१८ मध्ये पर्थहून थेट लंडनला विमान गेले. सुमारे १४,५०० किलोमीटर, सतरा तास. यंत्र सुधारले हे खरेच. पण आत वैमानिक चार असतात आणि ते पाळीपाळीने विश्रांती घेतात, हेही ध्यानात घ्या. याच ऑस्ट्रेलियात १८५६ साली मेलबर्नच्या पाथरवटांनी आठ तासांचा दिवस मिळवला होता. युद्धाच्या संकटात माणसे तीस तास कामावर राहिली. त्यांच्या शौर्याला वंदन करावे, पण त्याचा नोकरीचा नियम करू नये.