डोळ्यामागचा मेंदू आणि फवारणीचे विष

आपण डोळ्यांनी पाहतो असे म्हणतो, परंतु पाहण्याचे बरेचसे काम मेंदूच्या मागच्या भागात चालते. तेथील मज्जापेशी कशा वागतात, याच्या शोधाचा इतिहास परभणीसारख्या कापसाच्या जिल्ह्यातील कष्टकऱ्यांनीही ऐकावा असा आहे.

1921 साली ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून दाखविले की, मज्जातंतू आपला निरोप रसायनाच्या हाती धाडतो. ते रसायन असेटिलकोलीन होय. 1959 साली ह्यूबेल व वीझेल यांनी मांजराच्या दृष्टिकेंद्रात उभी रेघ ओळखणाऱ्या पेशी वेगळ्या, तिरपी ओळखणाऱ्या वेगळ्या, असे दाखविले. ही निवड पेशीला कशी साधते?

त्यासाठी एक युक्ती उपयोगी पडली. अतिसूक्ष्म काचनळी पेशीजवळ न्यावयाची आणि विजेच्या मंद प्रवाहाने औषधाचा कण तेथेच सोडावयाचा. 1963 साली क्र्न्येविच व फिलिस यांनी या रीतीने असेटिलकोलीन सोडून मेंदूतील काही पेशी चेतविल्या. 1975 साली सिलिटो यांनी 'गाबा' या आवर घालणाऱ्या रसायनाचे काम रोखले; तेव्हा दृष्टिकेंद्रातील पेशींची निवड ढिली पडली. तात्पर्य, पाहण्यासाठी चेतना हवी, तसा आवरही हवा.

असेटिलकोलीनचे काम झाले की एक विकर ते ताबडतोब मोडून टाकते. फॉस्फरसयुक्त कीटकनाशके नेमके हेच विकर बंद पाडतात. किडा त्यामुळे मरतो; माणसाच्या देहातही तेच घडते. प्रयोगशाळेत एका पेशीपाशी मोजून सोडलेले रसायन येथे सर्व शरीरात मोकाट साचते. बाहुली आकसते, नजर अंधुक होते, घाम सुटतो, शेवटी श्वास अडतो. अशा वेळी अ‍ॅट्रोपीन त्याचा मारा अडविते, पण ते वेळेवर मिळाले पाहिजे.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले. त्यांच्या निष्काळजीपणाची चर्चा झाली. परंतु उन्हात, अंगावरच्या फाटक्या सदऱ्यानिशी पंप पाठीवर घेणाऱ्याला हातमोजे कोणी दिले होते?

शास्त्रज्ञ एका पेशीसाठी कण मोजतो. मग माणसासाठी मोजमाप नको काय? फवारणीच्या मजुरीबरोबर मुखवटा, हातमोजे, धुण्यास साबणपाणी आणि जवळच्या दवाखान्यात अ‍ॅट्रोपीन ही मजुराच्या हक्काची बाब आहे. ती मागितलीच पाहिजे, आणि एकेकट्याने नव्हे, संघटितपणे.